आमच्या बाजूने सगळं ओके आहे

माझ्या मामेभावाला आम्ही टीममधून काढलं, तेव्हा निकाल मी दिला होता. बाकीचे तिघे म्हणाले, "तू नेटवर्कमधला माणूस आहेस, तूच सांग." मी खरं तर नेटवर्कमधला माणूस नाही. मी पेमेंटच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी कॉम्प्युटर नेटवर्क्स या विषयात मला बरे मार्क पडले होते, एवढंच. पण पाच जणांच्या टीममध्ये तेवढ्यावर माणूस तज्ज्ञ ठरतो.

२०२२ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही व्हॅलोरंट खेळायचो. माहीत नसणाऱ्यांसाठी: पाच विरुद्ध पाच, बंदुका, आणि कोपऱ्यावरून कोण कुणाला आधी दिसलं यावर सगळा हिशोब. पुण्यात मी आणि ऑफिसमधले दोघे, नाशिकला कॉलेजचा एक मित्र, आणि बार्शीला मामाचा मुलगा. माझ्याहून सात वर्षांनी लहान, बारावीची परीक्षा देऊन घरी बसलेला, आणि पाचांत सगळ्यात चांगला खेळणारा. हे शेवटचं मी आज लिहितोय. तेव्हा तोंडातून निघत नव्हतं.

एका कॉलेजच्या फेस्टमधल्या ऑनलाइन स्पर्धेत आम्ही नाव दिलं होतं. मॅच रात्री आठनंतर असायच्या, आणि रात्री आठनंतर हा गोठायचा. आमच्या स्क्रीनवर तो भिंतीकडे तोंड करून पळत राहायचा, मग एकदम चार पावलं पुढे प्रकट व्हायचा, आणि बहुतेक वेळा तोवर मेलेला असायचा. हेडफोनमध्ये तुटक आवाज: "दादा, नेट गेलं." "दादा, पिंग बघ ना, नव्वद." दुपारी तीनला खेळलो की त्याचा पिंग वीस, आवाज स्वच्छ, आणि समोरच्याची धडगत नाही. रात्री पुन्हा तेच. नाशिकवाला एकदा म्हणाला, "हरायला लागलो की बरोबर याचं नेट जातं." सगळे हसले. मीही हसलो. तो ऐकत होता की तेव्हाही त्याचा आवाज तुटलेला होता, ते मला कळलं नाही.

मी त्याला म्हटलं, एक टेस्ट लाव आणि स्क्रीनचा फोटो पाठव.

पिंग हा शब्द आता आपण वजनासारखा वापरतो: माझा वीस, तुझा किती. मुळात ते एका छोट्या प्रोग्रॅमचं नाव. माइक मूस या अमेरिकन प्रोग्रॅमरने तो डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला आणि पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. हाक मारायची, ओ यायला किती वेळ लागला ते मोजायचं. वाटेत काय झालं हे पिंग सांगत नाही. त्यासाठी ट्रेसराउट आहे, व्हॅन जेकबसन यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लिहिलेला, आणि त्याची युक्ती जरा अंगावर येणारी आहे. इंटरनेटवरच्या प्रत्येक पॅकेटच्या कपाळी एक आकडा असतो: अजून किती राउटर ओलांडायची मुभा आहे. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा संपला की पॅकेट तिथेच टाकून देतो, आणि सहसा पाठवणाऱ्याला निरोप धाडतो की तुमचं पॅकेट माझ्या दारात संपलं. ट्रेसराउट मुद्दाम एका पावलाचं आयुष्य घेऊन आलेलं पॅकेट सोडतो, मग दोन पावलांचं, मग तीन. एकेकाच्या मरणाची खबर कुठून आली यावरून तो रस्ता जुळवतो. एमटीआर नावाचं हत्यार हेच पुन्हा पुन्हा करतं आणि प्रत्येक दारापुढे लिहितं, किती टक्के निरोप आलेच नाहीत.

फोटो आला. पहिली ओळ म्हणजे घरातलाच राउटर: ४१ टक्के लॉस. खाली आठ ओळी. शेवटची ओळ, मुंबईतला गेमकडचा पत्ता: ३ टक्के.

मी पहिली ओळ बघितली आणि लिहिलं, "घरातलाच राउटर गेलाय."

मामाने २,४०० रुपयांचा नवा राउटर आणला. शिवाय मी सांगितलं म्हणून वायफाय सोडून वीस मीटरची लॅन केबल हॉलमधून, दाराच्या उंबऱ्यावरून त्याच्या खोलीत नेली. मामी तिच्यात दोनदा अडखळली. रात्री आठला पुन्हा तेच. नवा फोटो आला, पहिल्या ओळीत ३८ टक्के. दोन वेगळ्या राउटरांना एकच आजार कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी लिहिलं, "मग पीसीचं लॅन कार्ड असेल. काहीतरी तुझ्याकडेच आहे." दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या जागी ऑफिसमधल्या एकाला घेतलं. त्याने ग्रुपवर लिहिलं, "ओके दादा, ऑल द बेस्ट," आणि ग्रुप सोडला. स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो. आमचं नेट उत्तम होतं.

पुढच्या महिन्यात ऑफिसमध्ये एका सर्व्हरचं कनेक्शन तुटत होतं. मी तसाच रिपोर्ट घेऊन नेटवर्क टीममधल्या एका सीनिअर मॅडमकडे गेलो आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं: इथे ६० टक्के लॉस आहे, हाच राउटर खराब. त्यांनी चष्मा वर केला. "चौथ्या दारात शंभरातली साठ मेली, तर पाचव्या दारात शंभरच्या शंभर कुठून आली रे?"

पाचव्या ओळीपासून खाली सगळीकडे शून्य होतं. राउटरचं काम पॅकेट पुढे ढकलणं. तुमच्या हाकेला ओ देणं हे त्याचं वरकड काम. पुष्कळ राउटर ते काम मागे टाकतात, मोजूनमापून करतात, काही तर करतच नाहीत. उत्तर दिलं नाही याचा अर्थ पॅकेट टाकलं असा होत नाही. मधल्या दाराचा लॉस खरा मानायचा तो पुढच्या सगळ्या दारांवर टिकला तरच. हे नेटवर्कमधल्या कुणालाही पहिल्या वर्षी कळतं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे चौथी ओळ नव्हतीच. पहिली होती: ४१ टक्के, आणि खाली ३.

त्याच्या घरातला जुना राउटर धडधाकट होता. तो फक्त बोलत नव्हता.

आपल्याकडे न्यायदर्शनाने ज्ञान मिळवायची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे आग आहे, हे अनुमानाचं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण. पण त्याच लोकांनी हेत्वाभासांचीही यादी केली, म्हणजे कारणासारखी दिसणारी पण कारण नसलेली कारणं. धुकं पाहून धूर समजणारा माणूस तर्कात चुकत नाही, बघण्यात चुकतो, आणि त्याचा निष्कर्ष मात्र तेवढ्याच ठामपणे बाहेर पडतो. माझं तेच झालं. चौथं साधन शब्द: विश्वासू माणसाचं सांगणं, आप्तवचन. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. मामाचा मुलगा दोन्ही अर्थांनी आप्त होता, दोन महिने रोज सांगत होता की रात्री आठला काहीतरी बदलतं, आणि मी त्याच्या सांगण्यापेक्षा लाल आकड्यावर विश्वास ठेवला. आकडा खोटा नव्हता. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता.

दिवाळीत मी बार्शीला गेलो. नवा राउटर टीव्हीच्या वर, दिवे लुकलुकत. मामाने विचारलं, "आता नीट चालतं ना रे ते?" मी हो म्हटलं. रात्री नऊला त्याच्या खुर्चीत बसून मी स्वतः खेळलो, आणि पहिल्या दहा मिनिटांत तीनदा भिंतीवर पळालो. तो मागे पलंगावर बसून फोन बघत होता. "बघ" असंही म्हणाला नाही.

मग मी फोन करायला सुरुवात केली. केबलवाल्याच्या ऑफिसातला मुलगा म्हणाला, "लाइटचं लेव्हल बघितलं दादा, आमच्या बाजूने सगळं ओके आहे." खरं होतं, घरापर्यंतच्या फायबरमध्ये काहीच दोष नव्हता. केबलवाला ज्या मोठ्या कंपनीकडून इंटरनेट विकत घेतो तिचा टिकेट क्रमांक मिळवायला चार दिवस गेले. उत्तर आलं, आमच्या नेटवर्कमध्ये कुठलाही बिघाड आढळला नाही. तेही खरं असावं. गेमच्या सपोर्टने शिष्टाचाराने लिहिलं, सर्व्हर सुरळीत आहे, कृपया राउटर रीस्टार्ट करून पाहा. सर्व्हर खरंच सुरळीत होता, पुण्याहून तर मी त्याच्यावर रोज खेळत होतो. तीन ठिकाणी तीन माणसं, तिघंही प्रामाणिक, आणि तिघांच्या खऱ्या वाक्यांची बेरीज केली तर उत्तर येत होतं: दोष त्या पोराचा.

हे मला अजून छळतं. प्रत्येकाकडे रस्त्याचा एक तुकडा होता आणि प्रत्येकाचा तुकडा शाबूत होता. अख्ख्या रस्त्याचा मालक कुणीच नाही. तो रस्ता पूर्ण अनुभवणारा एकच माणूस असतो, जो त्याच्या शेवटच्या टोकाला बसलेला आहे, आणि त्याच्याच हातात मोजायला काही नसतं.

इंटरनेट मुळात असंच बांधलेलं आहे. हजारो स्वतंत्र नेटवर्कं एकमेकांना सांगत असतात, "या पत्त्यांकडे जायचंय? माझ्याकडून जाता येईल." हे सांगायची पद्धत म्हणजे बीजीपी, १९८९ मध्ये दोन इंजिनिअरांनी जेवणाच्या टेबलावर पेपर नॅपकिनवर मांडलेली. शेजारी म्हणतो त्यावर विश्वास ठेवायचा, हा तिचा पाया. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तानात सरकारी आदेशावरून यूट्यूब बंद करायला तिथल्या टेलिकॉम कंपनीने एक खोटा रस्ता जाहीर केला. तो देशात राहायचा तो बाहेर निसटला, जगभरच्या राउटरांनी तो खरा मानला, आणि जगाच्या मोठ्या भागाला सुमारे दोन तास यूट्यूब दिसलं नाही. त्यानंतर सह्या, पडताळण्या आल्या, पण शेजाऱ्याच्या शब्दावर चालायची मूळ सवय तशीच आहे. गंमत बघा, यंत्रं एकमेकांचा शब्द इतक्या सहज मानतात.

आणि या पद्धतीत वेळ हा निकषच नाही. कुठला रस्ता लवकर पोचवेल हे बीजीपी विचारत नाही. नेटवर्क चालवणारा आधी बघतो तो करार: कुठून पाठवलं तर पैसे मिळतात, कुठून फुकट जातं, कुठून मोजावे लागतात. शिवाय जायचा आणि यायचा रस्ता एकच असेल याची काही हमी नाही, कारण यायचा रस्ता समोरचा ठरवतो. पुण्याला जाताना टेंभुर्णीवरून गेलेली एसटी येताना सोलापूरचा वळसा घालून येऊ शकते. ट्रेसराउटला फक्त जायचे थांबे दिसतात. आम्ही सगळे फोटो बार्शीतून काढले होते. परतीच्या वाटेकडे कुणी बघितलंच नव्हतं.

म्हणून दिवाळीच्या पाडव्याला मी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये तासाच्या भाड्याने छोटा क्लाउड सर्व्हर घेतला आणि तिथून उलटं, बार्शीकडे एमटीआर लावलं. त्या घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नव्हता, केबलवाल्याच्या अनेक गिऱ्हाइकांत एकच वाटलेला होता, तरी तिथपर्यंतचा रस्ता दिसला. राउटरांच्या नावांत पुष्कळदा शहराच्या विमानतळाचा कोड असतो. मुंबईचा अजून बॉम, म्हणजे बॉम्बे. चेन्नईचा एमएए, म्हणजे मद्रास. नावं बदलली तरी तारांना जुनीच ठाऊक. दुपारी तीनला सगळी नावं बॉमची, वेळ वीस मिलिसेकंद. रात्री नऊला पुन्हा लावलं: बॉम, बॉम, एमएए, एमएए, आणि मग बार्शी. सत्तर मिलिसेकंद, आणि एमएएपासून पुढच्या प्रत्येक ओळीत ६ टक्के लॉस, शेवटपर्यंत टिकलेला.

काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई सरळ रेषेत हजारभर किलोमीटर. जाऊन परत यायला दहा मिलिसेकंद, तारा सरळ रेषेत नसतात म्हणून अजून थोडे धरा. उरलेली तीस-पस्तीस अंतराची नव्हेत, रांगेची. कुठल्यातरी भरलेल्या तारेच्या तोंडाशी पॅकेटं उभी होती आणि रांग मावेनाशी झाली की मागची टाकून दिली जात होती. माझा क्लाउड सर्व्हर म्हणजे गेमचा सर्व्हर नव्हे, तेव्हा याला मी पुरावा म्हणणार नाही. पण ते रिपोर्ट मी केबलवाल्याच्या त्या मुलाला दाखवले तेव्हा तो खुर्चीतून पुढे झुकला. "संध्याकाळी वरून लोड शिफ्ट करतात दादा. आम्हाला कोण विचारतंय." त्याचं वय माझ्या मामेभावाएवढंच असेल. त्याने कुणालातरी व्हॉट्सअॅप केला. तीन आठवड्यांनी, कुणीही काहीही न कळवता, रात्रीचा पिंग वीसवर आला.

म्हणजे खोटं कोण बोलत होतं? कुणीच नाही. आणि इथे मला गेम आमच्यापेक्षा शहाणा वाटतो, कारण हाच पेच त्याच्यापुढे दर सेकंदाला असतो. मी कोपऱ्यावर तुम्हाला पाहिलं, गोळी झाडली. माझ्या स्क्रीनवर ती लागली. तुमच्या स्क्रीनवर तुम्ही तोवर भिंतीआड गेला होतात. दोघांनी पाहिलं ते खरंच, फक्त दोघांची 'आत्ता' वेगळी. सर्व्हरने काय करावं? २००१ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या यान बर्नियर यांनी एका निबंधात त्यांची पद्धत मांडली: सर्व्हर थोडा वेळ मागे जातो, गोळी झाडली तेव्हा झाडणाऱ्याला जग कसं दिसत होतं ते पुन्हा उभं करतो आणि त्यावर निकाल देतो. म्हणून कधीकधी तुम्ही भिंतीआड सुखरूप पोचल्यावर मरता. त्यांच्या सोर्स इंजिनमध्ये ही मागे जायची मुभा मुळात एका सेकंदापुरती ठेवलेली. त्यापलीकडे नाही. उलट केलं असतं, तर प्रत्येकाला समोरच्याच्या पुढे, रिकाम्या हवेत नेम धरावा लागला असता. दोन्हींकडे अन्याय आहेच. तो नाहीसा करता येत नाही, कारण अंतर नाहीसं करता येत नाही. कुणी किती सोसायचा एवढंच ठरवता येतं, आणि सर्व्हर ते ठरवताना कुणाला खोटारडा म्हणत नाही.

आम्हीही ठरवलं होतं: बार्शीने सोसावं. आता तुम्ही म्हणाल, मग काय, ज्याचा खेळ दर रात्री गोठतो त्याला घेऊन हरायचं का? मला नाही वाटत. खोटं लॅग करणारेही असतातच. स्वतःचं कनेक्शन मुद्दाम क्षणभर तोडून समोरच्याला चकवण्याच्या युक्त्या गेमिंगइतक्याच जुन्या आहेत. त्या स्पर्धेपुरतं त्याच्याशिवाय खेळणं हा निर्णय मी आजही समजू शकतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये मॅच अर्ध्यात सोडली की पहिल्यांदा अर्धा तास बंदी, मग दोन तास, मग चोवीस तास, मग सात दिवस. वीज गेली की राग आला, ते यंत्र विचारतच नाही. कठोर आहे, पण त्यात एक अदब आहे: कारण विचारलं नाही, म्हणून कारणावर अविश्वासही दाखवला नाही. आम्ही विचारलं. त्याने सांगितलं. आणि मग आम्ही हसलो.

मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ च्या पुस्तकात या प्रकाराला नाव दिलं आहे. माणूस कोण आहे यावरून त्याच्या शब्दाची किंमत कमी धरणं, हा त्याच्यावर जाणता माणूस म्हणून केलेला अन्याय, असं त्या म्हणतात. त्यांची उदाहरणं वंश आणि लिंगभेदाची, फार मोठ्या जखमांची. एका गेमच्या टीमला ती लावताना मला संकोच वाटतो. तरी नाशिकहून "माझं नेट गेलं" असं आलं की आम्ही थांबायचो, आणि बार्शीहून आलं की एकमेकांना डोळे मारायचे इमोजी पाठवायचो, हे खरं आहे. तो लहान, गावाकडचा, आणि केबलवाल्याचं नेट. त्यात तो माझ्या घरचा, म्हणून मी जास्तच कडक झालो. घरच्याची बाजू घेतली असं कुणी म्हणायला नको होतं.

पण सगळं खापर त्यावर फोडणंही सोयीचं होईल. खरं कारण याहून ओशाळवाणं आहे. लॉकडाउनच्या दोन वर्षांत मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये "सॉरी, माझं नेट प्रॉब्लेम देतंय" असं किती वेळा म्हटलं असेल, आणि त्यातलं किती वेळा खरं होतं, याचा हिशोब माझ्याकडे आहे. काम झालेलं नसताना. अंघोळ झालेली नसताना. एकदा एका मुलीशी बोलताना, जिच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. नेट ही या पिढीची सगळ्यात स्वच्छ सबब आहे. कुणी तपासत नाही, कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. मी ती इतकी वापरली होती की दुसऱ्याच्या तोंडून ऐकताच मला माझाच आवाज ऐकू आला. त्याच्या शब्दाला मी माझ्या शब्दाचा भाव लावला.

राउटरचे पैसे मी मामाला देऊ केले. "वेडा का," म्हणाला, "चालतोय की तो." खरंच चालतोय. मामीने केबल आता भिंतीच्या कडेने खिळे ठोकून घेतली आहे.

मामेभाऊ आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सांगलीला. व्हॅलोरंट खेळत नाही. का सोडलं ते मी कधी विचारलं नाही. अभ्यास असेल, कंटाळा असेल, किंवा आम्ही असू. हे लिहायला घेण्याआधी मी त्याला फोन केला. दिवाळीत रिपोर्ट दाखवले होते तेव्हा मी त्याला चेन्नई समजावून सांगितली होती, मिलिसेकंद समजावून सांगितले होते, पण माझं चुकलं हे सांगायचं राहून गेलं होतं. या वेळी सांगितलं. पहिल्या ओळीचं, ४१ टक्क्यांचं, इमोजींचं, सगळं. बरंच बोललो मी. पलीकडे शांतता होती.

मग तो म्हणाला, "दादा, तुझा आवाज तुटतोय. हॉस्टेलला रेंज नाही. उद्या करू का?"

माझ्या फोनवर चारही काड्या दिसत होत्या. मी म्हटलं, "हो, उद्या कर."